दप्तर कोणी जाळले?

आयर्लंडात आपल्या पूर्वजांचा शोध घ्यावयास निघालेल्या माणसाच्या कानांवर पहिल्याच दिवशी एक वाक्य पडते : "सारे १९२२ साली जळून गेले." बोस्टनच्या नातवाला ते त्याची आत्या सांगते, सिडनीच्या नातीला शेजारी सांगतो, आणि वंशावळ करून देण्याचा धंदा करणारा दलाल तर फी ठरविण्यापूर्वीच सांगून मोकळा होतो, पुढे काही हाती लागले नाही तर दोष द्यावयास एक आग हाताशी असलेली बरी. हे वाक्य इतके रूढ झाले आहे की, त्याची छाननी करावी असे कोणास वाटतच नाही. आम्हांला ती करावयाची आहे. आमचे म्हणणे असे की, हे वाक्य निम्मे खोटे आहे. आणि जेवढे खरे आहे तेवढ्याच्या आड एक निराळेच पाप दडून बसले आहे, ज्याचा उच्चार होताच सरकारी नोकरीत आयुष्य काढणाऱ्या कोणाही माणसाने थोडे चपापावे.

हा विषय रिकामटेकड्यांच्या हौसेचा आहे असे मात्र कोणी समजू नये. १८४१ साली आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांहून अधिक होती. बटाट्याचे पीक कुजले, १८४५ ते १८५२ अशी दुष्काळाची वर्षे गेली, सुमारे दहा लाख माणसे मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली, आणि १८५१ च्या शिरगणतीत ६५ लाखांच्या आसपास माणसे उरली. गळती तेथेही थांबली नाही. १९११ साली हा आकडा ४४ लाखांवर आला होता. आज अमेरिकेत तीन कोटींहून अधिक लोक आपले मूळ आयरिश असल्याचे सांगतात. शिवाय ज्याचा आजा किंवा आजी आयर्लंडात जन्मली, त्याला त्या देशाचे नागरिकत्व मागता येते. मात्र आजाचा जन्मदाखला पुढे ठेवावा लागतो. म्हणजे ज्या कागदाविषयी आपण बोलत आहो तो दिवाणखान्यात चौकटीत लावावयाचा कागद नव्हे. कित्येकांच्या बाबतीत तो हक्काचा पुरावा आहे.

आता प्रथम आगीचे माप आगीच्या पदरात घालू. डब्लिनमध्ये लिफी नदीच्या काठी फोर कोर्ट्‌स नावाची न्यायालयाची भव्य वास्तू आहे. तिच्या आवारात, १८६७ च्या कायद्याने स्थापन झालेले सरकारी दप्तरखाने होते. इंग्लंडशी झालेला तह ज्यांना मान्य नव्हता अशा सैनिकांनी १९२२ च्या एप्रिलात ही वास्तू ताब्यात घेतली. २८ जूनला नव्या आयरिश सरकारच्या तोफा तिच्यावर सुरू झाल्या, आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन दप्तर पेटले. जळके कपटे शहरभर उडत होते. स्फोट कोणाच्या दारूगोळ्याने झाला याविषयी दोन्ही पक्ष परस्परांकडे बोट दाखवीत राहिले. त्या दप्तराची सविस्तर सूची तेथील अधिकारी हर्बर्ट वुड यांनी अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १९१९ साली, छापून प्रसिद्ध केली होती. त्यामुळे काय काय गेले याचा हिशेब जगाला नेमका ठाऊक आहे. मृत्युपत्रे जवळजवळ सगळी गेली. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार शिरगणत्यांचे घरोघरचे तक्ते, तुरळक बाडे सोडली तर, गेले. यांतील शेवटच्या दोन शिरगणत्यांत, जे माणूस त्या रात्री घरी नव्हते त्याचे नाव आणि ते कोणत्या परगण्यात वा कोणत्या देशात आहे हे लिहावयाचे होते. घरातील कोण गेल्या दहा वर्षांत मेले हेही लिहावयाचे होते. दुष्काळाने उधळलेल्या कुटुंबांचा याहून बोलका दाखला दुसरा कोणता असणार? ती हानी आम्ही तिळमात्र कमी लेखीत नाही.

परंतु १८६१, १८७१, १८८१ आणि १८९१ या पुढच्या चार शिरगणत्यांचे काय झाले? त्याही जळाल्या असे बहुतेकांना वाटते. त्या जळाल्या नाहीत. त्या १९२२ पर्यंत जगल्याच नव्हत्या. १८६१ आणि १८७१ चे तक्ते, आकडेवारीचे ग्रंथ तयार झाल्यावर काम संपले म्हणून, थोड्याच काळात सरकारनेच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यासाठी देऊन टाकण्यात आले. तेव्हा कागदाची टंचाई होती, तेच कारण असावे असे मानतात. तोफ नाही, सुरुंग नाही, बंडखोर नाही. कोणा एका टेबलावरून प्रस्ताव वर गेला असेल, वरून तो मंजूर होऊन खाली आला असेल, आणि चाळीस वर्षांतील लक्षावधी कुटुंबांची नावे गाडीत भरून रवाना झाली असतील. त्याच काळात, त्याच साम्राज्यसरकारच्या छत्राखाली, इंग्लंडात काय चालले होते? तेथेही घरोघरचे मूळ तक्ते ठेवले नाहीत हे खरे. परंतु गणकांनी ते ज्या पुस्तकांत उतरून घेतले होते ती पुस्तके जपली, आणि आज कोणाही इंग्रजाला १८६१ सालचा आपला खापरपणजा कोणत्या गल्लीत राहत होता हे घरबसल्या वाचता येते. आयरिश माणसासाठी तशी पुस्तके ठेवली गेली नाहीत.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण आपल्या प्रांतापासून दूर, दिल्ली-भोपाळ-हैदराबादच्या कचेऱ्यांत बसून रोज कागदांवर शेरे मारीत आहेत. कायम ठेवावयाचे कोणते, अमुक वर्षांनी नष्ट करावयाचे कोणते, हा निवाडा त्यांच्याच लेखणीतून उतरतो. आयर्लंडातील त्या अज्ञात अधिकाऱ्याला आम्ही दुष्ट म्हणत नाही. त्याने नियमानुसार केले असेल. कपाटे भरली असतील. आकडे तर छापून झालेच होते. पण आकडा छापला म्हणजे माणूस नोंदला गेला, ही त्याची समजूत भयंकर होती. त्याच्या कृत्याला इतिहासाने नाव दिले नाही, कारण त्याने धूर केला नाही. स्फोटाची छायाचित्रे आहेत, लगद्याची नाहीत. म्हणून सारी शिक्षा आगीला.

याच्या उलट बाजूकडे पाहू. काय वाचले, आणि का वाचले? आयर्लंडातील प्रॉटेस्टंट राजधर्म, म्हणजे 'चर्च ऑफ आयर्लंड', १८७१ पासून राजधर्म राहिला नाही. त्यानंतर त्याच्या पॅरिशांतील बाप्तिस्म्याच्या, विवाहांच्या आणि दफनांच्या जुन्या नोंदवह्या सरकारी अभिलेख ठरल्या, आणि ज्या पाद्र्यांजवळ सुरक्षित जागा नव्हती त्यांनी त्या डब्लिनला धाडाव्यात असे ठरले. अर्ध्याहून अधिक पॅरिशांच्या वह्या गेल्या, आणि तेथेच जळाल्या. ज्यांनी काही सबब सांगून आपल्याच कपाटात ठेवल्या, त्यांच्या उरल्या. कॅथलिकांच्या वह्यांवर सरकारचा हक्कच नव्हता; त्या डब्लिनला कधी गेल्याच नाहीत. ज्या धर्माला राज्याने दोन शतके वेशीबाहेर ठेवले, त्याच्या ओलसर देवळांतील, मोडक्या लॅटिनमधील, 'जेकोबस' आणि 'गुलिएल्मुस' अशा नावांनी भरलेल्या वह्या मागे राहिल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९५० नंतरच्या दोन दशकांत त्यांची सूक्ष्मपटावर छायाचित्रे घेतली आणि २०१५ च्या जुलैत, सुमारे १८८० पर्यंतच्या वह्यांची ती पाने सर्वांना विनामूल्य खुली केली. आम्ही आज्ञाभंगाचा पुरस्कार करीत आहो असे कोणी मनात आणू नये. पण सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवण्याचा हुकूम सोडणाऱ्याने टोपली कोठे टांगली आहे याचाही विचार करावयास हवा होता.

आणखी एक उदाहरण द्यावयाचे आहे, आणि ते आम्हांला सर्वांत प्रिय आहे. १९०८ साली ब्रिटिश पार्लमेंटने सत्तर वर्षे पुरी केलेल्या गरिबांना पेन्शन देण्याचा कायदा केला. आयर्लंडात सर्व जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ च्या १ जानेवारीपासून. मग १८३८ साली जन्मलेल्या शेतमजुराने आपले वय सिद्ध करावे कसे? एक वाट होती : १८४१ वा १८५१ च्या शिरगणतीत आपले नाव दाखवावे. म्हाताऱ्याने अर्ज करावयाचा, त्यात आईबापांची नावे आणि त्या वेळचे राहण्याचे ठिकाण सांगावयाचे. डब्लिनच्या कारकुनाने मूळ तक्ता काढून पाहावयाचे आणि अर्जावरच शेरा लिहावयाचा. हजारो म्हाताऱ्यांनी असे अर्ज केले. कित्येक कारकुनांनी 'सापडले नाही' एवढेच लिहून हात झटकले. पण काहींनी त्या घरातील सगळी माणसे, वयांसह, भावाबहिणींसह, उतरून दिली. मूळ तक्ते १९२२ साली भस्म झाले. या चिठ्ठ्या आज आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आठवड्याला पाच शिलिंगांसाठी केलेला अर्ज आणि त्यावर एका कारकुनाने आवश्यकतेहून चार ओळी अधिक लिहिण्याचे घेतलेले कष्ट, यांतून एखाद्या कुटुंबाचा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा उंबरठा आज दिसतो. ज्या वर्गाने शिरगणत्यांचा लगदा केला त्याच वर्गातला हाही माणूस. त्याचेही नाव कोणास ठाऊक नाही.

जमिनीच्या कागदांविषयी थोडक्यात सांगतो. कर गोळा करावयाचा असला की राज्याचे हस्ताक्षर एकदम सुवाच्य होते. १८२३ ते १८३७ या काळात धर्मकराची पुस्तके झाली. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली प्रत्येक घराचे व शेताचे मूल्यमापन होऊन ते छापले गेले. ही दोन्ही उरली आहेत. त्यांत कुळाचे नाव आहे, जमीनदाराचे आहे, एकर आहेत, पौंड-शिलिंग-पेन्स आहेत. बायको नाही, मुले नाहीत, आणि ज्याला भुईच नव्हती तो तर नाहीच. ज्या दुष्काळाने मजुरांना आधी उपटून फेकले, त्याच्याच ऐन मध्यात हे मूल्यमापन सुरू झाले हेही ध्यानात ठेवावे. तरीही त्याची किंमत मोठी आहे, कारण त्यात टाउनलँड आहे. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीएवढा, कधी त्याहूनही लहान, जमिनीचा नाव असलेला तुकडा. असे साठ हजारांहून अधिक तुकडे त्या बेटावर आहेत. आयरिश माणसाचे गाव म्हणजे हा तुकडा. तो सापडला तर वंश सापडला. तो नाही तर पॅट्रिक मर्फी नावाच्या हजार माणसांतून आपला कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही.

आणि येथेच शोधकांची दुसरी मोठी चूक होते, जिचा आम्ही निषेध करतो. परदेशस्थ वंशज उठतो तो तडक डब्लिनला धावतो. तेथे रिकाम्या हातांनी परतला की पुन्हा तेच वाक्य : सारे जळाले. अहो, पण तुमचा पूर्वज देश सोडून निघाला तेव्हा त्याची नोंद घ्यावी असे त्या देशाच्या सरकारला वाटलेच नव्हते! ब्रिटिश व्यापारखात्याकडील परदेशगामी उतारूंच्या याद्या उरल्या आहेत त्या १८९० पासूनच्या; दुष्काळात गेलेल्या लाखोंसाठी त्यांचा उपयोग शून्य. जाणाऱ्याची नोंद त्याला घेणाऱ्या देशाने केली. अमेरिकेने १८१९ च्या कायद्याने जहाजाच्या कप्तानांकडून याद्या मागितल्या. १८२० पासूनच्या पुष्कळ याद्या आहेत, पण त्यांत देश या रकान्यात 'आयर्लंड' एवढाच शब्द. मायदेशातील जवळच्या नातलगाचे नाव आणि पत्ता विचारण्याची बुद्धी व्हावयाला १९०७ साल उजाडले.

मग टाउनलँडचे नाव कोठे मिळते? येथे एक विलक्षण विपर्यास दृष्टीस पडतो. जो माणूस स्वतःचे भाडे भरून, डोके ताठ ठेवून गेला त्याच्याविषयी कागद मुके आहेत. ज्याला मेंढी चोरल्याबद्दल काळ्या पाण्यावर धाडला, त्याची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, धंदा, धर्म, गुन्हा आणि जन्मस्थान हे सारे ऑस्ट्रेलियाच्या कैद्यांच्या याद्यांत मिळते. १८४८ ते १८५० मध्ये आयर्लंडातील वर्कहाउसांतून, म्हणजे दरिद्री लोकांच्या सरकारी आश्रमशाळांतून, चार हजारांहून अधिक पोरक्या मुली ऑस्ट्रेलियात पाठविल्या. त्यांच्याही आईबापांची नावे आणि मूळ ठिकाण लिहून घेतले होते. बेडी पडली किंवा भीक पदरात पडली तरच माणूस तपशिलाने लिहावयाचा, ही राज्यकर्त्यांची रीत. आणि जे स्वतंत्र होते त्यांनी आपली नोंद आपणच केली. बोस्टनच्या 'पायलट' या वृत्तपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत, नव्वद वर्षे, हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती येत राहिल्या. भाऊ भावाला शोधतो आहे, बायको रेल्वेच्या कामावर गेलेल्या नवऱ्याला शोधते आहे. अमुक परगणा, अमुक पॅरिश, अमुक टाउनलँड, अमुक साली अमुक बंदरात उतरला, शेवटचे पत्र अमुक गावाहून आले. ज्या तपशिलासाठी संशोधक वर्षानुवर्षे झुरतात तो त्या बाईने पदरचे पैसे मोजून छापून ठेवला आहे. न्यूयॉर्कच्या 'एमिग्रंट सेव्हिंग्ज बँके'नेही, १८५० पासून, खातेदार खराच तो आहे हे पटावे म्हणून त्याचे जन्मस्थान आणि आप्तांची नावे लिहून घेतली. शोध येथून, म्हणजे उतरण्याच्या ठिकाणाहून, सुरू करावयास हवा. डब्लिन शेवटी.

हे न करता दंतकथेवर विसंबले म्हणजे काय होते ते ॲनी मूरच्या गोष्टीवरून पाहावे. १८९२ च्या १ जानेवारीस न्यूयॉर्क बंदरात एलिस बेटावरील परकीयांचे नाके उघडले. 'नेव्हाडा' जहाजातून दोन धाकट्या भावांसह आलेली कॉर्कची ॲनी मूर ही तेथून आत गेलेली पहिली मुलगी. तिचे पुतळे एलिस बेटावर आहेत, ती ज्या बंदरातून निघाली तेथेही आहेत. पुढे तिचे काय झाले? सगळीकडे सांगत असत की ती पश्चिमेकडे टेक्ससला गेली, आणि १९२३ साली तेथे ट्रामखाली सापडून मेली. कथा मोठी सुंदर होती : आयरिश पोर, विशाल अमेरिका, पश्चिमेची वाट. २००६ साली मेगन स्मोलेन्याक या वंशशोधक बाईंनी कागद पडताळले तेव्हा टेक्ससची ॲनी मूर मुळी इलिनॉयमध्ये जन्मलेली निघाली! खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कोठे गेलीच नव्हती. बेकरीतल्या एका कारकुनाशी तिने लग्न केले, शहराच्या पूर्वेकडील दाट गरीब वस्तीत संसार केला, कित्येक मुले लहानपणीच पुरली, आणि १९२४ साली ती वारली. क्वीन्समधील तिच्या कबरीवर २००८ पर्यंत दगडसुद्धा नव्हता. पुतळे उभारताना तिचे मृत्यूचे कागद कोणी पाहिले नाहीत. ते जळालेही नव्हते. ते न्यूयॉर्कच्याच दप्तरात होते.

या क्षेत्रातील ढाली विकणाऱ्या व्यापाऱ्यांविषयी आम्ही चार शब्दांहून अधिक खर्च करणार नाही. आडनाव सांगा आणि रंगीत कुलचिन्ह घेऊन जा, असा त्यांचा धंदा आहे. असले चिन्ह राजमान्यतेने मिळते ते व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना; त्या आडनावाच्या झाडून साऱ्या लोकांना नव्हे. दुष्काळात जहाजाच्या तळघरात कोंबून नेलेल्या माणसाच्या पणतूने भिंतीवर सरदाराची ढाल लावावी यापरती त्या पूर्वजाची थट्टा नाही. पण याच दुकानांकडे बोट दाखवून काही विद्वान जेव्हा सगळ्या वंशशोधालाच कुलाभिमानाचे ढोंग ठरवितात तेव्हा आम्हांला त्यांच्याही विरुद्ध उभे राहावे लागते. कुलवृत्तान्ताची परंपरा आपल्याला परिचित आहे. तिच्यात मूळ पुरुष शोधावयाचा तो बहुधा वतन वा सनद मिळविणारा. आयरिश वंशज शोधतो आहे तो वर्कहाउसात मेलेल्या आजीला. वतनदाराचा इतिहास कोणीही लिहितो. त्या आजीचे नाव लिहिलेला एकच कागद असतो, आणि तो एक गेला की ती झालीच नव्हती असे होते.

आपल्याकडे या शोधाचा एक धागा येऊन पोहोचतो, तोही सांगून टाकतो. परदेशी गेलेले सगळेच आयरिश अमेरिकेला गेले नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. महू, कामठी, पुणे येथील छावण्यांत त्यांचे विवाह झाले, मुलांचे बाप्तिस्मे झाले, पटकीने मेलेल्यांची दफने झाली. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून या नोंदींच्या नकला लंडनला धाडण्याचा दंडक होता. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्याचा बाप्तिस्मा झालेली पॅरिशची वही कदाचित फोर कोर्ट्‌समध्ये जळाली, त्याच्या मृत्यूची ओळ मुंबई इलाख्याच्या वहीत मिळते. नक्कल पाठविण्याचा तो दंडक घालणाऱ्या माणसाचे आम्ही मनापासून आभार मानतो.

आयर्लंडातही सध्या अशाच नकलांवर मोठे काम चालले आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने, जगभरच्या ग्रंथालयांतून आणि अभिलेखागारांतून विखुरलेल्या प्रती, उतारे, टिपणे गोळा करून जळालेले दप्तर संगणकावर पुन्हा उभारण्यात येत आहे. २०२२ साली, आगीला शंभर वर्षे होत असताना, ते सर्वांना खुले झाले. हर्बर्ट वुड यांची सूचीच त्यासाठी नकाशासारखी उपयोगी पडली. जळालेल्याची भरपाई अशी थोडी थोडी होत आहे. १८६१ ते १८९१ च्या चार शिरगणत्यांची मात्र, एखाद्या पाद्र्याने आपल्या वहीत सहज उतरून घेतलेला अंश सोडला तर, कोठेही प्रत नाही.

तेव्हा वंशशोधाची मार्गदर्शक पुस्तके लिहिणाऱ्यांकडे आमचे एवढेच मागणे आहे. "सारे १९२२ साली जळून गेले" हे वाक्य त्यांनी आपल्या पहिल्या पानावरून काढून टाकावे. त्या जागी नष्ट झालेल्या कागदांचा तक्ता द्यावा, त्यात १८६१, १८७१, १८८१ आणि १८९१ ही चार सालेही लिहावीत, आणि कारणाच्या रकान्यात 'आग' असे न लिहिता 'सरकारी हुकूम' असे लिहावे.